कलशाचा मुक्काम

अभिमनच्या नोकरीचा बहुतेक काळ इतरांना पाणी देण्यात गेला. जळगावच्या एका जलसेवा मंडळात तो शिपाई होता. मंडळाचे काम मुख्यत्वे बैठकांचे असल्यामुळे शिपायाचे काम मुख्यत्वे पाण्याचे होते. अध्यक्ष लखीचंदशेठ यांचे पाणी त्यांच्या घरून, गाळून आणि उकळून, झाकणाच्या पितळी तांब्यात येत असे. त्यांच्या धर्माचा तो आचार होता आणि ते तो मनापासून पाळत. इतर सभासदांसाठी माठ होता. टंचाईग्रस्त गावांविषयी चर्चा रंगात आली की घसे कोरडे पडत आणि अभिमन पेले भरून आत जाई. गावांच्या तहानेबद्दल इतके बोलणे त्याने उभ्या आयुष्यात कधी ऐकले नव्हते. हे बोलणे ज्या गावांबद्दल चाले, त्यांपैकी एखादे तुझे आहे का, असे मात्र त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्यानेही सांगितले नव्हते.

जळगावलगतच्या पिंप्राळ्यात त्याची भाड्याची खोली होती. घर निंबझरीला, धुळ्याच्या रस्त्यावरून फाट्याने आत वळल्यावर. तेथे त्याची आई भिकुबाई आणि बायको यशोदाबाई राहत. निंबझरीला पायविहीर होती. पायऱ्या उतरून बायका गुडघाभर पाण्यात शिरत, हंडा बुडवत आणि वर येत. पूर्वजांनी ती मोठ्या सोयीने बांधली होती, आणि त्या सोयीतूनच गावात नारू टिकून होता. पिण्याच्या पाण्यातून तो पोटात जाई, वर्षभराने पायाला फोड येई, फोडातून पांढरा दोरा डोके काढी. तो ओढून तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे. म्हणून काडीवर गुंडाळत, रोज थोडा थोडा, तो बाहेर काढावा लागे. पायाची आग पाण्यात बरी वाटते, म्हणून रोगी पुन्हा विहिरीत उतरून उभा राही, आणि त्या उभे राहण्यातून पुढच्या वर्षीच्या रोगाची सोय होई. या फेऱ्याला गावात कोणी रोग म्हणत नसे. होळी येते तसा नारू येतो, इतकेच म्हणत.

त्या वर्षी यशोदाबाईच्या उजव्या पायाला काडी बांधलेली होती. अभिमन रजेवर घरी गेला तेव्हा ती तो पाय पुढे करून भाकरी थापत होती. परत जळगावला आल्यावर त्याला कचेरीतला माठ भरताना प्रथमच लाज वाटली.

जगाने त्या दशकाला पेयजलाचे दशक असे नाव दिले होते, आणि दशक अर्धे सरत आल्यामुळे मंडळाला काहीतरी ठोस करणे भाग होते. चिटणीस प्राध्यापक सुकदेव भामरे यांनी दौडीची कल्पना मांडली. प्राध्यापक समाजशास्त्र शिकवत आणि ग्रामीण अंधश्रद्धा हा त्यांच्या व्याख्यानांचा आवडता विषय होता. जळगाव ते धुळे अशी सलग दौड काढावी, प्रत्येक गावाने आपल्या हद्दीत स्वतः धावावे, शिवेवर पुढच्या गावाच्या हाती द्यावे, आणि वाटेत निधी गोळा व्हावा. हाती काय द्यायचे यावर दोन बैठका झाल्या. मशाल पाण्याच्या कार्याला शोभत नाही, लाकडी दांडके जनतेला कळत नाही, असे ठरून शेवटी तापीच्या पाण्याने भरलेला तांब्याचा कलश पसंत झाला. त्यावर आंब्याची पाने, नारळ, गळ्याला लाल कापड आणि टोकाला पिवळे निशाण. कलश डोक्यावरून नेणे सोपे जावे म्हणून तो वेताच्या टोपलीत बसवण्यात आला. प्राध्यापकांना ही सजावट फार भारतीय वाटली.

लखीचंदशेठ यांनी आपल्या दिवंगत आईच्या, प्रेमकुंवरबाईंच्या स्मरणार्थ एक बोअर आणि हातपंप जाहीर केला. कलश ज्या गावी रात्रीचा मुक्काम करील, त्या गावाला तो मिळणार होता. मुक्कामाचे गाव अजून ठरले नव्हते. अभिमनने पेले उचलता उचलता, कोणाला उद्देशून न बोलता, निंबझरीच्या शाळेला मोठे पटांगण असल्याचे सांगितले. पुढच्या बैठकीत प्राध्यापकांनी निंबझरीचे नाव स्वतःचे म्हणून सुचवले. अभिमनला त्यात काही वावगे वाटले नाही. नाव कोणाच्या तोंडून आले याच्याशी यशोदाबाईच्या पायाला कर्तव्य नव्हते.

गावोगाव आधी जाऊन लोकांना तयार करण्याचे काम अभिमनवर आले, कारण सभासदांपैकी कोणालाही सायकलने हिंडणे शक्य नव्हते आणि अहिराणी बोलणे शोभत नव्हते. बरोबर प्राध्यापकांनी लिहिलेले पत्रक होते. पिंपळखेडे नावाच्या पहिल्याच गावी पारावर लोक जमले आणि त्याने ते वाचून दाखवले. शुद्ध पेयजलाच्या अभावी उद्भवणाऱ्या जलजन्य व्याधींचे समूळ उच्चाटन करण्याच्या सामूहिक संकल्पाचे प्रतीक असलेला कलश ग्रामसीमेवरून ग्रामसीमेवर प्रवाहित होणार आहे, असे त्यात होते. लोकांनी ते शांतपणे ऐकले. कीर्तनातले संस्कृतही ते असेच ऐकत.

रुपचंद आबा नावाचे एक वृद्ध काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी मनाशी जुळवणी केली. रोग घालवायचा आहे. कलश आहे, लाल कापड आहे. गावाने तो उचलून पुढच्या गावाच्या शिवेवर पोचवायचा आहे. त्यांच्या लहानपणी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा असाच येई. बांगड्या, लिंबू, हळदकुंकू वाहून गाव तो वाजतगाजत उचली आणि दिवस मावळायच्या आत शिवेपार नेऊन सोडी. मग पुढचे गाव त्याचे काय ते पाही. रोग नाहीसा होत नसे, फक्त गाव बदले.

“म्हंजे मरीआईना गाडाच ना रे भाऊ?” आबांनी विचारले.

अभिमन घामाने निथळत होता. पुढे बरीच गावे उरली होती, आणि पत्रक तर त्यालाही समजले नव्हते. आबांच्या चेहऱ्यावर मात्र समजल्याचे समाधान स्पष्ट दिसत होते.

“हां आबा,” तो म्हणाला. “तसंच समजी ल्या.”

खोटे बोललो असे त्याला वाटले नाही. उदाहरण दिले, इतकेच वाटले. पुढच्या गावी त्याने पत्रक वाचलेच नाही, सरळ उदाहरणापासून सुरुवात केली. लोक पटापट समजू लागले. कोण उचलणार, कोणत्या शिवेवर ठेवायचे, हे ती ती गावे आपसांत ठरवू लागली. परतल्यावर प्राध्यापकांनी लोकांचा प्रतिसाद विचारला. उत्साह आहे, असे त्याने सांगितले, आणि ते खरे होते.

दौड निघाली तेव्हा जळगावात भाषणे झाली. महाविद्यालयातल्या तरुणांनी पांढऱ्या बनियनमध्ये कलश शहराच्या हद्दीपार नेऊन दिला आणि ते मागच्या ट्रकमध्ये चढले. तेथून पुढे जे घडले ते मंडळाच्या कल्पनेपलीकडचे होते. गावेच्या गावे शिवेवर उभी होती. कलश हाती येताच तरुण असे धावत सुटत की मागे वाघ लागल्यासारखे वाटावे. बायका दारातूनच हळदकुंकू उडवत, टोपलीत हिरव्या बांगड्या, लिंबे आणि नाणी टाकत, मुलांना पदराआड घेत. डफ वाजत. गावात कलश कोठेही टेकत नसे. पुढच्या शिवेवर तो ठेवला की तरुण मागे न पाहता घरी परतत, कारण मागे पाहायचे नसते.

मंडळाची जीप या वेगाला पुरी पडेना. प्रत्येक गावी स्वागताध्यक्ष नेमले होते, भाषणांची तयारी होती, निधीची पेटी जीपमध्ये होती. जीप पोचे तेव्हा कलश निघून गेलेला असे आणि गाव हातपाय धुऊन मोकळे झालेले असे. एरंडोलपर्यंत प्राध्यापकांनी घड्याळ पाहिले, पारोळ्यानंतर ते भारावले. व्याख्यानांनी जे झाले नाही ते एका प्रतीकाने केले, असे ते शेठजींना म्हणाले. ग्रामीण माणूस विज्ञानाकडे शब्दशः धावतो आहे. पेटी मात्र रिकामी होती. जे काही जमले ते टोपलीत जमले, आणि त्यातले एक नाणेही वाटेत नाहीसे झाले नाही. सार्वजनिक निधीच्या इतिहासात हे दुर्मीळ होते. देवीच्या परडीतून उचलण्याची छाती कोणाला नव्हती, एवढेच त्याचे कारण होते. हे सर्व जीपमध्ये फक्त एका माणसाला कळत होते. तो मागच्या बाजूला, शेठजींचा तांब्या मांडीवर धरून बसला होता.

पारोळा मागे पडल्यावर अभिमनच्या ध्यानात आले की निंबझरीलाही त्याने तेच उदाहरण दिले आहे. आपल्या गावी तर त्याने ते अधिक आत्मीयतेने सांगितले होते. आणि मरीआईचा गाडा कोणी गावात मुक्कामाला ठेवून घेत नाही.

गाडीत काही बिघडल्यासारखे वाटते, असे सांगून त्याने फाट्याआधी जीप थांबवली, ड्रायव्हरला टायर पाहायला लावले आणि स्वतः शेतातून आडवाटेने गावाकडे पळत सुटला. त्या दौडीत मंडळाचा एकमेव पदाधिकारी खऱ्या अर्थाने धावला तो एवढाच, आणि तो पदाधिकारी नव्हता.

त्याला उशीर झाला होता. निंबझरीच्या तरुणांनी कलश गावातून पार करून पलीकडच्या शिवेवर ठेवला होता. पण पलीकडच्या खोरदडे गावाला सांगितले होते उद्या सकाळचे. मावळतीला देवी स्वीकारायची नाही म्हणून खोरदड्याचे लोक काठ्या घेऊन आपल्या हद्दीत उभे होते, आणि दिलेली देवी परत घ्यायची नाही म्हणून निंबझरीचे लोक आपल्या हद्दीत. मधल्या दगडावर टोपली होती. नारू, पटकी आणि हगवण या तिन्हींच्या समूळ उच्चाटनाचे प्रतीक दोन गावांच्या मधोमध अनाथ होऊन बसले होते.

अभिमनने धापा टाकत सांगितले की माझे चुकले, यात मरीआई नाही, यात तापीचे पाणी आहे. कलश गावात राहिला तरच गावाला पंप मिळणार आहे. पुना भगत गावाचे देवदेवस्की पाहत असे. त्याने शांतपणे विचारले की पंधरा दिवसांपूर्वी तूच देवी म्हणालास आणि आता तूच नाही म्हणतोस, तर दोन्हींपैकी पगार कशाचा घेतलास. लोक हसले. अभिमनने उदाहरण दिले होते, पण गावाला त्यातून वस्तू मिळाली होती, आणि दिलेली वस्तू नुसत्या शब्दाने परत घेता येत नाही.

फाट्याकडून जीपचा आवाज येऊ लागला. तेव्हा त्याने टोपली उचलून डोक्यावर घेतली. गर्दी दुभंगली. त्याच्या आयुष्यात गर्दीने त्याला वाट दिली अशी ती एकच वेळ. गावातून चालताना दारे लागत गेली. शाळेच्या पटांगणात त्याला कोणी शिरू देईना. मग तो आपल्या घराकडे वळला.

भिकुबाई उंबऱ्यात उभी होती. तिने पटकीत दोन मुले एका दिवसात गमावली होती, आणि अभिमन त्यांच्यानंतरचा होता. तिच्या भीतीला अंधश्रद्धा म्हणणे प्राध्यापकांना सोपे होते, मुलाला नव्हते.

“तठेच उभा ऱ्हाय,” ती म्हणाली.

तो उभा राहिला. टोपलीचा भार मानेवर होता आणि खाली ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात ओसरीवर पाय पुढे करून बसलेली यशोदाबाई बोलली. सासूसमोर ती सहसा बोलत नसे.

“आत्याबाई, ती तं कव्हयनी मन्हा पायमा बठेल शे. आते बाहेरथीन आनखी कोन येनार शे?”

देवी कधीची ज्यात बसली होती, त्या सुनेच्या पायाकडे भिकुबाईने पाहिले. काडीवर पांढरा दोरा गुंडाळलेला होता. ती बाजूला झाली. यशोदाबाईने सरकत सरकत अंगणातल्या निंबाखाली पाट मांडला, आणि अभिमनने कलश त्यावर ठेवला.

सभा त्याच अंगणात झाली. गाव कुडाच्या बाहेर, दूर, पण सगळेच्या सगळे उभे होते; अंगणात पाहुणे, ट्रकमधले तरुण आणि शेळी. एवढ्या अंतरावरून ऐकणारा शिस्तबद्ध श्रोतृवर्ग आपण पाहिला नाही, असे प्राध्यापक म्हणाले. पाहुण्यांसाठी भिकुबाईने पेले भरून आणले. पाणी पायविहिरीचे होते. शेठजींनी हात जोडून सांगितले की सूर्यास्तानंतर ते पाणीही घेत नाहीत, आणि ते खरे होते. प्राध्यापकांचा घसा बसला होता, स्वागताध्यक्षांनी नुकताच चहा घेतला होता, तरुणांच्या बाटल्या ट्रकमध्ये होत्या. पेले भरलेले आले तसे भरलेले परत गेले. शुद्ध पाण्याची निकड त्या सबंध दौडीत एवढ्या एकमताने कोठेही मान्य झाली नाही.

पंप जाहीर झाला. टोपली रिकामी करायची वेळ आली तेव्हा लिंबे, बांगड्या आणि कुंकवात माखलेली नाणी पाहून अंधश्रद्धेवरचे व्याख्याते क्षणभर थांबले. मग त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला, विचार बदलून रुमाल खिशात ठेवला आणि अभिमनला हाक मारली.

दुसऱ्या सकाळी कलश पुढे धुळ्याकडे गेला. महिनाभराने शेठजींचा माणूस जागा पाहायला आला. पंप फाट्यावर, हमरस्त्याला लागून बसवावा असा निरोप होता. प्रेमकुंवरबाईंच्या नावाची संगमरवरी पाटी एस.टी.तून दिसली पाहिजे. फाटा गावापासून इतका लांब होता की तेथून हंडा आणण्यापेक्षा कोणतीही बाई विहिरीत उतरणेच पसंत करील. अभिमनने कचेरीत एकदा तसे सुचवून पाहिले. जागेचा निर्णय देणगीदाराचा असतो, असे त्याला सांगण्यात आले.

या वेळी गाव आपण होऊन पुढे आले. पुना भगताने चावडीवर सांगितले, “देवी जठे बठनी तठेच तिनं ठाणं.” कलश गेला तरी निंबाखाली बसलेली देवी तहानलेली आहे आणि तिला तेथेच पाणी न दिल्यास ती गावावर कोपेल, यावर सर्वांचे एकमत झाले. बोअरच्या यंत्राची गाडी फाट्यावर थांबली तेव्हा गाव आडवे झाले आणि तिला आत घेऊन आले. अभिमन त्या दिवशी गावातच होता. आता बोलून सगळे स्पष्ट करावे असे त्याला वाटले. मग त्याने यशोदाबाईच्या पायाकडे पाहिले आणि तो गप्प राहिला. एकदा होय म्हणून जे केले होते, तेच त्याने दुसऱ्यांदा नाही न म्हणून केले. यातले कमी वाईट कोणते, हे त्याला पुढेही ठरवता आले नाही. प्राध्यापकांच्या अहवालात मात्र स्थळनिवडीतील लोकसहभाग असा स्वतंत्र परिच्छेद आला. पाटी लागली, पण तिचे तोंड अभिमनच्या शेळीकडे होते.

पाणी गोड लागले. गावाने पंपाच्या दांड्याला कुंकू लावले, नारळ फोडला, आणि हंडे घेऊन बायका पूर्ववत विहिरीकडे गेल्या. देवीचे पाणी पिणार कोण? अभिमन हताश झाला. ज्या भीतीने पंप दारात आणला होता, तीच आता त्याच्या तोंडाशी बसली होती.

काही दिवस असे गेले. यशोदाबाईचा दोरा पूर्ण निघाला, जखम भरत आली, आणि एका सकाळी तिने हंडा उचलला. ती विहिरीकडे निघालेली पाहून भिकुबाईने तिला थांबवले. म्हातारीने स्वतः पंप मारला, पहिली घागर भरली, ती घेऊन पायविहिरीच्या काठी गेली आणि ते पाणी विहिरीत ओतले. खण-नारळाने विहिरीची ओटी भरली. आजपर्यंत तू पाजलेस, आता हिचे घेते, राग मानू नको, असे ती म्हणाली. सासरहून माहेरी निघताना घरातल्या थोरांना सांगावे तसे सांगितले. मग परत येऊन दुसरी घागर भरली आणि सर्वांदेखत ओंजळीने प्याली. संध्याकाळपर्यंत पंपाजवळ रांग होती. कोणत्याही भाषणाने हे झाले नसते, आणि भिकुबाईने ते भाषण म्हणून केलेही नव्हते.

पुढच्या वर्षी दौड पुन्हा ठरली. अभिमन पुन्हा सायकलीवर निघाला. या वेळी त्याने मनाशी पक्के केले होते. प्रत्येक गावी त्याने खरे तेच सांगितले: विहिरीच्या पायऱ्या, पाण्यातले नारूचे बीज, पंपाचा उपयोग. लोकांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. मागल्या वर्षी आम्ही शिवेपार नेऊन सोडली, ती परत कशी आली? परत आलेल्या गाड्याला कोणी हात लावत नाही. गावांच्या शिवा मोकळ्या राहिल्या. कलश ट्रकमधून गावोगाव हिंडला, डफ वाजला नाही, टोपलीत एक लिंबूही पडले नाही. प्राध्यापकांनी जनतेच्या औदासीन्यावर लिहायला घेतले.

निंबझरीला जीप थांबली तेव्हा तेथेही कोणी पुढे होईना. पंपाशी धुणे धूत असलेली यशोदाबाई उठली, पदर खोचला आणि टोपली डोक्यावर घेतली. ती धावली नाही. उजवा पाय अजून किंचित आखडत होता. अभिमन तिच्या मागे चालत गेला, मंडळ जीपमध्ये बसून राहिले. खोरदड्याच्या शिवेवर, त्याच दगडावर, तिने कलश ठेवला. ठेवल्यावर मागे न पाहता निघून यायचे असते. ती निघाली नाही. दगडाला टेकून बसली आणि वाट पाहू लागली.

बऱ्याच वेळाने खोरदड्याची एक बाई, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन, सावधपणे जवळ आली. टोपलीकडे, मग यशोदाबाईकडे तिने पाहिले.

“हाई काय शे?” तिने विचारले.

अभिमनने सवयीने तोंड उघडले आणि मिटले. यशोदाबाईने लुगड्याची कड वर घेतली आणि नारूचा व्रण असलेला पाय तिच्यापुढे केला.

“बठ,” ती म्हणाली. “सांगस तुले.”